गादी टाकायची कुठे? नगरविकासमंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरविकासमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

वडिलांची जुनी गादी टाकण्यापायी माझी एक रजा आणि चौदाशे रुपये गेले. गादी अजून जिन्याखालीच आहे.

वडील तिच्यावर तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यामुळे कुणाला द्यावी अशी ती उरली नव्हती. घंटागाडीवरच्या ताईंनी हात जोडले. भंगारवाल्याने अंगठ्याने फोम दाबून पाहिला आणि लोखंडी पलंग तेवढा उचलला. शेवटी छोटा हत्ती ठरवून गावाबाहेरचा कचरा डेपो गाठला. फाटकावर वॉचमन म्हणाला, "खासगी गाडी आत सोडत नाही. वॉर्डातून चिठ्ठी आणा." वॉर्डात कळलं, अशी चिठ्ठी नसतेच.

टेम्पोवाला हसला. "साहेब, नाल्यापाशी दोन मिनिटं थांबवतो. सगळे तिथंच टाकतात." तिथे तीन सोफे आधीच पडले होते, एकावर कुत्रं झोपलं होतं. मी गाडी घराकडे वळवायला सांगितली.

पूर्वी गादी कापसाची असे. पिंजारी दारात यायचा, तोच कापूस पिंजून पुन्हा भरून द्यायचा. आताच्या गादीत फोम, काथ्या, स्प्रिंगा सगळं एकमेकांना चिकटवलेलं. डेपोत ती दबत नाही, जागा अडवते आणि पेटली की काळा धूर ओकते. देवनारच्या डेपोला जानेवारी 2016 मध्ये आग लागली तेव्हा मुंबईने तो धूर किती दिवस गिळला, ते आपण जाणताच. उरुळी देवाची-फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी तर पुण्याच्या कचऱ्यापायी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. म्हणून डेपोचं फाटक आम्हाला उघडा, असं मी म्हणत नाही.

2016 च्या घनकचरा नियमांनी रंगाचे डबे, बल्ब, मुदत संपलेली औषधं अशा घरगुती घातक कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र सांगितलं होतं. त्याच आवारात गाद्या-सोफ्यांसाठी एक शेड टाका. नगावर पैसे घ्या, पावती द्या. चौदाशेपेक्षा कमीच पडतील. फोम, लाकूड, स्प्रिंगा सोडवायचं काम कचरावेचकांना द्या, रीतसर मजुरीवर. पुण्यात त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जुन्या वस्तू गोळा करतेच आहे. हे एकेका शहराच्या मर्जीवर न सोडता सगळ्या महापालिका-नगरपालिकांना लेखी आदेश काढा.

आमच्या भागातल्या केंद्राचा पत्ता आणि वेळ तेवढी लवकर कळवा. गादी पाहून काल वरच्या काकूंनी त्यांचा सोफाही जिन्याखाली आणून ठेवलाय.

आपला,
तळमजल्यावरचा एक रहिवासी