मोठा जनरेटर नको, बाबा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एकदाच काय तो मोठा घेऊन टाकू, 5 केव्हीएचा, म्हणजे सगळं घर चालेल." मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली, कारण वाद घातला की बाबा आणखी मोठ्याकडे सरकतात. म्हणून लिहून पाठवते आहे. आई, आधी तू वाच आणि मग त्यांच्या हातात दे, नाहीतर ते पहिला आकडा दिसल्याबरोबर वही काढून बसतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्हा दोघांपैकी कुणालाही, दुसऱ्या कुणाची वाट न बघता, घराबाहेर नेऊन सुरू करता येईल असाच जनरेटर घ्यायचा. 5 केव्हीएचा पेट्रोलवरचा साधा जनरेटर सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो. त्याला चाकं असतात हे खरं, पण पायरीवर चाकांचा काही उपयोग नाही. आणि जड वस्तूचं घरात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. ती एकदा जिथे ठेवली तिथेच राहते, मग पावसाळा असो की वादळ. जनरेटरच्या बाबतीत 'तिथेच' म्हणजे भिंतीलगत, छपराखाली, खिडकीजवळ. ते जिवावर बेतू शकतं. कसं, ते पुढे सांगते.

आधी बाबांसाठी हिशोब. वीज गेल्यावर खरोखर काय चालायला हवं? फ्रिज, दोन पंखे, पाच-सहा दिवे, इंटरनेटचा राउटर, टीव्ही (बातम्यांसाठी, असं म्हणू या) आणि बाबांचं सीपॅप मशीन, झोपेत श्वास अडू नये म्हणून रात्री लावायचं ते. फ्रिज चालू असताना साधारण 200 वॅट धरा, दोन साधे पंखे 150, 9 वॅटचे सहा एलईडी मिळून 54, राउटर 10, टीव्ही 80, सीपॅप 50. बेरीज साडेपाचशेच्याही आत. बाबा, हे तुमचं 'सगळं घर'. गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी, एसी यांची नावं या यादीत नाहीत, आणि वीज नसताना ती नसलेलीच बरी. एकटा गिझर 2000 वॅट खातो.

खरी अडचण सुरू होतानाच्या झटक्याची असते. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याची मोटर चालू होते त्या क्षणी नेहमीच्या तिप्पट ते पाचपट वीज ओढते, फार तर एक-दोन सेकंद. म्हणजे 200 वॅटचा फ्रिज क्षणभर 1000 मागू शकतो. पाण्याची मोटर अर्ध्या अश्वशक्तीची आहे. 1 अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, पण मोटर ओढते ती सगळी वीज कामाला लागत नाही, त्यामुळे अर्ध्याला प्रत्यक्षात पाच-सहाशे वॅट लागतात आणि सुरू होताना 1800 किंवा त्याहूनही जास्त. मग करायचं काय, तर फ्रिज बंद करून मोटर लावायची, टाकी भरली की मोटर बंद, मग पुन्हा फ्रिज. एवढी शिस्त पाळली तर 2 किलोवॅटच्या आसपासचा जनरेटर बहुधा पुरतो. या शिस्तीचं खातं आईकडे असावं असं मला मनापासून वाटतं.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बघून भुलू नका. तो बहुतेक वेळा त्या दोन सेकंदांच्या झटक्याचा असतो. 'रेटेड' असं लिहिलेला आकडा बघा, तासन्‌तास मिळते ती वीज तीच. केव्हीए लिहिलं असेल तर 0.8 ने गुणा. 2.5 केव्हीए म्हणजे हातात 2 किलोवॅट. समुद्रसपाटीपासून बरंच उंच असाल तर इंजिनाचा जोर आणखी थोडा उतरतो, दर 300 मीटरला साधारण 3 टक्के.

आता कुठल्या जातीचा? मी 'इन्व्हर्टर जनरेटर' म्हणतात त्याच्या बाजूने आहे. साध्या जनरेटरचं इंजिन 50 हर्ट्झची वीज देण्यासाठी कायम मिनिटाला 3000 फेऱ्यांनीच पळतं. तुम्ही एक दिवा लावा नाहीतर दहा, घरघर तेवढीच आणि पेट्रोलही फारसं कमी लागत नाही. इन्व्हर्टर प्रकारात तयार झालेली वीज आधी एकदिश (डीसी) केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची घरात येते तशी, स्वच्छ प्रत्यावर्ती वीज बनवतं. त्यामुळे लोड कमी असला की इंजिन आपोआप मंदावतं. आवाज कमी, पेट्रोल कमी, आणि सीपॅप, टीव्ही, राउटर यांसारख्या नाजूक वस्तूंना मानवेल अशी वीज. 2 किलोवॅटचा हा प्रकार वीस-पंचवीस किलोत मिळतो, वर धरायला मूठ असते. महाग पडतो हे कबूल. पण बाबा, इथे काटकसर नको.

आवाजाचे आकडे वाचताना ते किती अंतरावर आणि किती लोडवर मोजले आहेत ते विचारा. बहुतेक कंपन्या 7 मीटरवरचा, पाव लोडचा आकडा छापतात. 10 डेसिबल जास्त म्हणजे कानाला जवळजवळ दुप्पट आवाज, त्यामुळे 58 आणि 68 यांतला फरक कागदावर दिसतो त्याहून फार मोठा आहे. शेजाऱ्यांशी तुमचे संबंध चांगले आहेत, ते तसेच राहू द्या.

सुरू करायची रीत मात्र दुकानातच, स्वतःच्या हाताने करून बघायची. दोरी ओढायचा जनरेटर असेल तर आईने ओढून बघायची, बाबांनी नाही. आईचा खांदा वर जात नाही तरी ती सुरू करू शकली, तरच तो घ्यायचा. नाहीतर बटणावर चालू होणारा बघा, आणि बॅटरी उतरली तर दोरीचीही सोय आहे ना ते विचारा. तेल कमी झालं की आपोआप बंद होण्याची सोय तर हवीच.

आता जागेचं. हे दोनदा वाचा. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, माणसाला वाटतं अपचन झालं असेल, जरा पडू या. आणि तो पडलेला उठत नाही. म्हणून जनरेटर घरात नाही, जिन्याखाली नाही, बाल्कनीत नाही, गाडीच्या शेडमध्ये दार सताड उघडं ठेवूनही नाही. घरापासून निदान 6 मीटर लांब, धुराचं तोंड दारं-खिडक्यांकडे नको, आणि त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्यायच्या. पाऊस असेल तर जनरेटरसाठीच मिळणारं, चारी बाजूंनी वारा खेळणारं आच्छादन घ्या. ओल्या हाताने त्याला शिवायचं नाही. झोपायच्या खोलीबाहेर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, तो मी पाठवतेच आहे. वाजला तर कारण शोधत बसू नका, दोघांनी आधी बाहेर पडायचं आणि फोन बाहेरून करायचा. हा वायू वाढला की स्वतःहून बंद पडणारे जनरेटरही मिळतात. तसा मिळाला तर घ्याच, पण त्याच्या भरवशावर तो खिडकीखाली ठेवू नका.

बाबा, तुम्ही म्हणालात की एक ओळखीचा माणूस दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून देतो, ती भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली की घरभर वीज येते. येते खरी. पण ती तशीच उलटी बाहेरच्या तारांवरही जाते, आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलट्या दिशेने गेली की तिचे हजारो व्होल्ट होतात. खांबावर तुमचीच लाइन दुरुस्त करायला चढलेला माणूस ती तार मेली आहे असं समजून हात लावतो. शिवाय मध्येच वीज परत आली तर जनरेटर जळतो तो वेगळाच. त्या माणसाला नम्रपणे नाही सांगा. घराच्या वायरिंगला जोडायचाच असेल तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे एका वेळी बाहेरची वीज किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा, आणि फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. नाहीतर सरळ जाड तांब्याची, बाहेर वापरायची एक्स्टेंशन वायर ओढायची आणि फ्रिज तिला लावायचा. वायर पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळी तशीच राहिली तर तापते.

रात्री जनरेटर चालवायचाच नाही. हे ऐकून बाबा म्हणतील, मग घेतला कशाला? फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा चारेक तास टिकतो, भरलेला फ्रीझर तर दोन दिवसांपर्यंत. म्हणून लवकर नासणारं फ्रीझरमध्ये ठेवायचं, आणि सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास जनरेटर लावायचा. त्या वेळात फ्रिज चालतो, टाकी भरते, फोन चार्ज होतात, आणि बॅटरीचा एक पेटाराही भरतो, ज्याला पॉवर स्टेशन म्हणतात. रात्र त्या पेटाऱ्यावर काढायची. त्याला धूर नाही, आवाज नाही, पलंगाशेजारी ठेवता येतो. 1000 वॅट-तासांचा घेतला तर हाती साडेआठशे येतात. सीपॅपला आठ तासांचे 400 आणि राउटरला 80. साधा पंखा आठ तासांत 600 खाईल, तिथे गणित फिसकटतं. म्हणून तुमच्या खोलीत तेवढा एक बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा पंखा बसवून घ्या, तो 30 वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे रात्रीचे 240. सगळं मिळून 720. सीपॅपची पाणी गरम करायची सोय मात्र त्या रात्री बंद ठेवा, ती बरीच वीज खाते. असं केलं की पेट्रोलही दिवसाला अडीच-तीन लिटरच्या वर लागू नये.

पेट्रोलचं थोडक्यात सांगते. पेट्रोलसाठीच बनवलेल्या डब्यात, घराबाहेर, सावलीत, आणि थोडंच ठेवा. एक-दोन महिन्यांत ते शिळं होतं, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर ओलही धरतं. जास्त दिवस लागणार नसेल तर टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवायचं. भरताना इंजिन बंद, आणि निदान पंधरा-वीस मिनिटं गार झालेलं. गॅसवरही चालणारे जनरेटर असतात, गॅस शिळा होत नाही हे बरं, पण ताकद थोडी कमी मिळते आणि सिलिंडर हलवायचा कुणी?

महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं, फ्रिज लावून, तो चालवून बघायचा. एकदा बाबांनी, एकदा आईने. पहिलं तेल साधारण 20 तासांनी बदलायचं, पुढचं पुस्तिकेत असेल तसं. ती पुस्तिका फेकू नका. बाबा फेकत नाहीत, पण कुठे ठेवली ते विसरतात.

आता तुमचं काम. फ्रिजच्या मागे आणि मोटरवर पट्टी आहे, तिच्यावरचे वॅट किंवा अँपिअर यांचे फोटो काढून मला पाठवा. अँपिअर असतील तर मी गुणाकार करून घेते. दुकानात जाल तेव्हा आईला बरोबर न्या आणि तिथून मला फोन लावा, दुकानदाराशी मीच बोलेन. तो नक्की म्हणणार, "काका, थोडा मोठाच घ्या."

कळावे,
तुमची
धाकटी