चि. मुक्तास, पेटीसोबत

सातारा, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी आवाज चढवला, तो चढवायला नको होता. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. आक्काने तर काल चहाचा कप ठेवताना भिंतीकडे बघून सांगितलं, "पोरीला जरा सुखानं जगू दे." म्हणून हे पत्र. मिलिंद उद्या सकाळच्या एसटीने पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पेटी पाठवतो आहे. तू घेतलेल्या त्या डॉक्टरांच्या शिक्क्याच्या कामाचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवलंय.

तू कोरलेल्या रबरी शिक्क्यांचे फोटो मोठे करून पाहिले. जास्वंद उत्तम उतरलं आहे, इतकं की आधी मला ते लेझरचं काम वाटलं. मोर मात्र टिकणार नाही. पिसाऱ्याच्या रेषा कापताना तुझं पातं रेषेच्या पोटात शिरतंय. वरून रेष बारीक आणि सुबक दिसते, पण खालून पोखरलेली असते. पहिले काही ठसे छान येतात, मग दाबाने रेष आडवी होते, ठसा जाड येतो आणि एक दिवस तेवढा तुकडा सुटून पॅडवर राहतो. रेषेच्या दोन्ही बाजूंचा उतार बाहेर जायला हवा, वर निमुळता आणि बुडाशी रुंद, आपल्या अजिंक्यताऱ्याच्या उतारासारखा. त्यासाठी व्ही पातं रेषेपासून बाहेर कलतं धर. वळण आलं की हात वळवू नकोस, रबर फिरव. पातं जागच्या जागी, रबर गोल. आणि डावा हात पात्याच्या मागे. अंगठ्याची पट्टी फोटोत दिसली मला.

खोलीचंही सांगतो. रेषांमधली जागा एक ते दीड मिलिमीटर खोल पुरते, पण मोकळं मैदान जेवढं मोठं तेवढं खोल जावं लागतं, नाहीतर दाबल्यावर तळ पॅडला टेकतो आणि ठशात नको ते ओरखडे उमटतात. तुझी शीट सहा-सात मिलिमीटरची दिसते. तिच्यात मैदान अडीच-तीनपर्यंत उतरवायला हरकत नाही. बाहेरची कड तर ठेवूच नकोस, चित्राच्या भोवतीने सरळ कापून टाक. पातं बोथट झालं की रबर कापलं न जाता फाटतं आणि कडेला भुगा येतो. भुगा दिसला की थांब, चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पेस्ट लावून पाच-सहा वेळा पातं मागे ओढ, मग पुढे जा.

अक्षरांना घाई नको. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने, चार बी किंवा सहा बी, सुलटं लिहायचं, कागद रबरावर पालथा टाकायचा आणि चमच्याच्या पाठीने घासायचा. आपोआप उलटं उतरतं. तू स्क्रीनवर आधी उलटवून छापतेस आणि मग पुन्हा पालथं घालतेस, म्हणून त्या बेकरीवाल्यांचं नाव आरशातलं आलं. देवनागरी इंग्रजीपेक्षा त्रास देते, कारण वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असा तीन मजली कारभार असतो. हाताने कोरायचं तर अख्खं अक्षर, मात्रा-उकारासकट, बारा मिलिमीटरच्या खाली नेऊ नकोस. ध, ष आणि क्ष यांच्या पोटातली जागा मुळात दाखवतो त्यापेक्षा जरा मोठी ठेव, कारण शाईने ती भरतेच. शिरोरेखा सलग असेल तर अक्षरांना आधार मिळतो. तुझ्यासारखी तोडून काढलेली शिरोरेखा दिसायला नवी वाटते, पण सुटा काना दोन महिन्यांत वाकतो.

राजमुद्रेची मागणी येते म्हणालीस. येणारच, आमच्या शिक्क्यांच्या दुकानातही यायची. ती अष्टकोनी चौकट आणि आत बत्तीस अक्षरांचा अख्खा श्लोक. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता' एवढ्यातच च्च, ष्णु आणि र्वि येऊन बसतात. पाच सेंटिमीटरच्या शिक्क्यात हे हाताने कोरायला जाऊ नकोस, प्रकाशाने पक्क्या होणाऱ्या पॉलिमरमध्ये कर. हाताने करायचं तर धाकटी मुद्रा कर, 'मर्यादेयं विराजते'. तीच मला जास्त आवडते. महाराजांच्या पत्रात वर राजमुद्रा आणि मजकूर संपला की खाली ही, म्हणजे तिच्यानंतर कुणी एक ओळ घुसडू शकत नसे. वर शिक्का, खाली मोर्तब. शिक्का म्हणजे शोभा नव्हे गं, त्याच्यावर लोक विश्वास ठेवून पैसे देतात, जमिनी लिहून देतात

बघ, आलोच तिथे. राहू दे.

पॉलिमरबद्दल लिहितो. आमच्या वेळचं निराळं होतं. जुळाऱ्याने छपाईच्या अक्षराचा एकेक खिळा उलटा लावायचा, फ्रेम आवळायची, तापलेल्या प्रेसमध्ये मॅट्रिक्स बोर्डावर दाबून साचा घ्यायचा, त्यावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरवून कच्चं रबर ठेवायचं आणि साधारण दीडशे अंशांवर आठ-दहा मिनिटं दाबायचं. रबर-गंधकाची हीच क्रिया, गुडइयरने 1844 मध्ये जिचं पेटंट घेतलं ती. तुला तो वास आवडायचा. शाळेतून आलीस की दप्तर टाकून थेट प्रेसपाशी, आणि गरम शिक्का सोलून काढायचा हट्ट. तेव्हा तुझी उंची काउंटरएवढीही नव्हती. 'प' आणि 'ष' उलटे ओळखायला तू खिळ्यांवरच शिकलीस, बाई मात्र सुलटी अक्षरं उलटी काढते म्हणून चिठ्ठी पाठवायच्या.

तर, कोरलेल्या शिक्क्याच्या प्रती काढायच्या म्हणून ती मऊ शीट कुठल्या जुन्या प्रेसवाल्याकडे देऊ नकोस. ती पीव्हीसीची असते, उष्णतेने लिबलिबीत होईल. लेझरवाल्यालाही देऊ नकोस. पीव्हीसी जळलं की त्यातून निघणारा वायू माणसाच्या छातीला आणि मशीनलाही वाईट. प्रती हव्या असतील तर गुळगुळीत कागदावर स्वच्छ काळा ठसा घे, सहाशे डीपीआयला स्कॅन कर, डाग पूस, निगेटिव्ह काढून पॉलिमर कर. धुऊन झाल्यावर तुझा पॉलिमर बोटाला चिकट लागतो म्हणालीस, त्याचं कारण हवेतला ऑक्सिजन वरचा थर पक्का होऊ देत नाही. शेवटचा प्रकाश देताना तुकडा पाण्यात बुडवून ठेव, चिकटपणा जाईल. नव्या पॉलिमरवर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, म्हणून साबणाने धू आणि साध्या खोडरबराने वरून हलकेच घास. मात्र एक, असल्या प्रतींवर 'हाताने कोरलेला' असं लेबल लावू नकोस. 'हाताने कोरलेल्या शिक्क्यावरून' असं लिही. फरक आहे.

मुठीला फेविकॉल लावतेस ते बंद कर. तो लाकूड धरतो, रबर धरत नाही. फेविक्विकही नको, वाळून काचेसारखं कडक होतं आणि पहिल्याच धक्क्याला निघतं. फेविबॉण्डसारखा रबरी डिंक दोन्ही बाजूंना पातळ लाव, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांब, मग एकदाच नेमकं ठेव. पॉलिमर आणि लाकूड यांच्यामध्ये तीन मिलिमीटरचा स्पंज हवाच, नाहीतर कागद जरा खडबडीत असला की मधला भाग कोरा राहतो. तुझ्या कोरीव शिक्क्यांना स्पंज नको, ते मुळातच मऊ. लाकूड पावसाळ्याआधी घेऊन घरात वाळव. ओल्या आंब्याच्या ठोकळ्यावर लावलेला शिक्का दिवाळीपर्यंत वाकडा होतो.

आणि ते चाळीस शिक्के डब्याला चिकटले, ती चूक उन्हाची नाही. पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी तेलकट पदार्थ घातलेला असतो, तो कडक प्लॅस्टिकमध्ये मुरतो आणि दोन्ही एकजीव होतात. कंपासपेटीत खोडरबर पट्टीला चिकटायचं, आठवतंय? प्रत्येक शिक्का बटरपेपरमध्ये गुंडाळ आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घाल. सोबत दोन ठसे कागदावर उठवून दे, एक पांढऱ्या, एक खाकी कागदावर. मग 'ठसाच येत नाही' म्हणून परत पाठवणारे निम्मे गप्प बसतील.

शाईचं थोडक्यात. साधी पाण्याची शाई कागदात मुरून वाळते, चकचकीत कागदावर ती तशीच राहते आणि पुसली जाते. खाकी पिशवीवर पिगमेंट शाई उठून दिसते, पण वाळायला वेळ द्यावा लागतो. कापडावर कापडाचीच शाई, वर इस्त्री. स्पिरिट-थिनरची शाई पॉलिमरला खाते. बेकरीवाल्यांना सांग, ठसा पिशवीच्या बाहेर, खाण्याला लागेल तिथे नाही. शिक्का पुसायला ओलं फडकं आणि जुना दातांचा ब्रश, टर्पेंटाइन अजिबात नाही.

भावाचं तू मला विचारलं नाहीस, तरी सांगतो. पंधरा बाय दहाच्या शीटमध्ये पाच बाय पाचचे सहा तुकडे बसतात, पण चुकलेले धरून चारच मोज. चित्र अर्धा तास, कोरणं दीड तास, ठोकळा, ठसे, बांधणी मिळून आणखी अर्धा. म्हणजे अडीच तास. तू तो शिक्का साडेतीनशेला देतेस. शीट, लाकूड, खोकं यांचे शंभर सोडले तर तासाला शंभर रुपये पडले. नोकरी सोडताना हा हिशेब केला होतास का? हे लिहायचं नव्हतं, पण पेनने लिहिलंय, खोडत नाही. नोकरी सोडलीस म्हणून मी रागावलेलो नाही. दुकान बंद केलं तेव्हा वाटलं होतं या घरातून शिक्का गेला. आता तो परत आलाय तर मला आनंदच आहे, फक्त तो दाखवायला मला जमत नाही.

आणि भीतीही वाटते. तासाला शंभर सुटतात म्हणूनच तू दोन तासांत सहाशे देणारं काम घेतलंस, हे कळतं मला. फुलांचे, मोरांचे, साबणवाल्यांचे शिक्के कर, हवे तेवढे कर. पण व्हॉट्सअॅपवर जुन्या ठशाचा फोटो आणि 'तस्साच करून द्या' असा निरोप आला, तर तो करायचा नसतो. तस्साच हवा असणारा माणूस मूळ शिक्क्याचा मालक असेलच असं नाही. डॉक्टरांच्या शिक्क्यावर आजारपणाचे दाखले निघतात, फिटनेसचे निघतात. खोट्या शिक्क्यांबद्दलची भारतीय दंड संहितेतली पूर्वीची 472 आणि 473 कलमं आता भारतीय न्याय संहितेत 341 मध्ये आली आहेत आणि त्यात शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे. हेतू सिद्ध व्हावा लागतो, मान्य. पण तो सिद्ध होईपर्यंत शिक्का बनवणारा चौकीतल्या बाकावर बसतो. तुझ्या वयाच्या मुलीने तिथे बसलेलं मला

असो. पेटीत एक लाल कापडी पाठीची वही आहे. ती उघड. डावीकडे तारीख, नाव, पत्ता, कशाचा शिक्का, उजवीकडे ठसा आणि घेणाऱ्याची सही. कार्यालयाचा असेल तर लेटरहेडवर पत्र, डॉक्टरांचा असेल तर नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत, नोटरीचा असेल तर नेमणुकीची. नोटरीचा शिक्का गोल आणि पाच सेंटिमीटर व्यासाचा, त्यात नाव, क्षेत्र, नोटरी हा शब्द आणि नेमणाऱ्या सरकारचं नाव. कुणी जरा लहान करा म्हणाला तर तिथेच शंका घे. चार सिंहांचं राजचिन्ह कुणालाही कोरून द्यायचं नाही, लग्नाच्या पत्रिकेवर मजेसाठी मागितलं तरी. कार्टूनंही नकोत, ती कुणाच्या तरी मालकीची असतात. चुकलेले आणि परत आलेले नावाचे शिक्के कचऱ्यात टाकू नकोस, कात्रीने दोन तुकडे करून टाक.

पुन्हा तेच लिहीत बसलो. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "तुम्ही तिला अजून काउंटरखालचीच समजता." असेल. रागावू नकोस.

पेटीत काय आहे ते सांगतो. दोन व्ही पाती, एक यू, बारा नंबरचे मराठी खिळे (ळ कमी आहेत, जपून), चामड्याची पट्टी, सागाच्या वाळलेल्या अकरा मुठी आणि आक्काने घातलेली शेंगदाण्याची चटणी. चटणी वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितलं होतं, तिने खिळ्यांच्या शेजारी ठेवली आहे. डबा आधी काढ.

तुझा,
बाबा

ता. क. त्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक शिक्क्यावर असेलच. तो मला पाठव. वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नाव जुळतं का ते मिलिंद मला काढून दाखवेल. जुळलं तर मी पुन्हा कधी विचारणार नाही.