आप्पा, चौदाच्या चौदा गोठ्यात आहेत

आदरणीय आप्पा,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही गाईच्या खुरांकडे बघत विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. इथे तरी तुम्हाला मध्येच थांबवता येणार नाही.

बाबा गेल्यानंतर डोंगरावरून गुरं उतरवायची ही माझी पहिलीच खेप. तुमची स्वतःची गुरं मधल्या टप्प्यावर धाकट्या भावाकडे सोपवून तुम्ही माझ्यासाठी वर चढलात. रात्री दव गोठायला लागलं होतं, गवताची वाढ थांबली होती, आणि मला सगळं एका दिवसात उरकायचं होतं. तुम्ही ठाम नाही म्हणालात. उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि दोघी गाभण आहेत, एवढंच सांगितलंत. म्हाताऱ्या चांदीला घंटा बांधून पुढे ठेवलंत आणि स्वतः सगळ्यांत मागे राहिलात, लंगडणाऱ्या कालवडीबरोबर. ती थांबली की तुम्ही थांबायचात. काठी एकदाही उगारली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट मला लिहायलाच हवी, कारण चूक माझी होती. वाटेवरच्या आपल्या तुकड्यात लसूणघास हिरवीगार दिसत होती, पानांवर अजून पांढरं दव होतं. रात्रभरच्या उपाशी गाई बघून मला राहवलं नाही. तुम्ही झऱ्यावर गेला होतात, तेवढ्यात मी त्या आत सोडल्या. थोड्याच वेळात कपिलेची डावी कूस ढोलासारखी फुगली. ती पाय आपटू लागली, तोंडातून लाळ गळू लागली.

तुम्ही धावत आलात. आधी बाकीच्या गाई बाहेर काढायला लावल्यात, मग मला डॉक्टरांना फोन करायला सांगितलंत. तिचं तोंड चढाकडे करून उभं केलंत, तोंडात आडवी काठी बांधलीत, म्हणजे ती चघळत राहील आणि लाळ पोटात जाईल. डॉक्टरांनी फोनवर खाद्यतेल पाजायला सांगितलं, तेव्हा बाटली तुमच्या पिशवीत होतीच! मान फार वर न उचलता, घोट घोट. घाई केली तर तेल फुप्फुसात जातं, हे तुम्ही माझा हात धरून दाखवलंत. मग तिला सावकाश फिरवलंत. पहिली मोठी ढेकर आली तेव्हा मी तिथेच मातीत बसून रडले. डॉक्टर पोहोचले तोवर ती शांत उभी होती. तपासून त्यांनी तुमच्याच पाठीवर हात ठेवला.

तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत मला. पुढे चालताना मात्र सगळं समजावलंत: अशा कोवळ्या चाऱ्यानं पोटातला वायू फेसात अडकतो, मग ढेकर येत नाही, तेलानं तो फेस फुटतो. दव पडलेल्या लसूणघासीत उपाशी जनावर कधी सोडायचं नाही, आधी पोटभर सुकं गवत द्यायचं. बाबांनाही हे ठाऊक असणार. त्यांना विचारायचं माझं राहून गेलं, ते तुमच्याकडून मिळालं.

घरी आल्यावरही चार दिवस रोज संध्याकाळी शेण बघायला येत होतात. तुम्ही सांगितलंत तशीच वैरण हळूहळू बदलते आहे, दोन-तीन आठवडे काढणार आहे. कपिला रवंथ करत बसली आहे. तेलाची एक बाटली दाराजवळच्या खुंटीला टांगली आहे.

परवा तुमची गुरं उतरणार असं कळलं. मी पहाटेच येते. पुढे तुम्ही चाला, लंगडी-थकली माझ्याकडे द्या.

तुमची,
चांदीची मालकीण