फ्रँचायझीच्या करारावर सही करण्याआधी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळू,

हॉटेलाची फ्रँचायझी, म्हणजे कंपनीच्या नावानं नि पद्धतीनं हॉटेल चालवायचं, म्हणून कॉलेज रोडवरचा गाळा तुझ्या मनात भरलाय, ठीक आहे. पण टोकन देऊ नकोस. आधी कंपनीचा करार मागवून घे.

रॉयल्टी, म्हणजे कंपनीचं नाव वापरायचा दर महिन्याचा वाटा, नफ्यावर नसते, विक्रीवर असते. मेख तिथंच आहे. धर, महिन्याची विक्री ५ लाख. सहा टक्के रॉयल्टी ३०,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी ५,४००. हॉटेलाला ५ टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही, म्हणजे तेही तुझ्याच खिशातून. कच्चा माल १,७५,०००, पगार १ लाख, भाडं ६०,०००, लाइट-गॅस ३५,०००. निम्मी विक्री घरपोच जेवणाच्या ॲपवरून झाली तर २५ टक्क्यांनी कमिशन ६२,५००, त्यावर जीएसटी ११,२५०. उरले २०,८५०. बँकेचा हप्ता अजून धरलेलाच नाही! कंपनीचे ३०,००० मात्र कुठं जात नाहीत.

फायदा नाही असं नाही. आपल्याकडं आचारी एका रात्रीत पळाला की हॉटेल बंद पडतं. इथं तयार मसाला, मोजलेली मापं, त्यामुळं नवा पोरगाही आठवड्यात हाताशी येतो. तू या धंद्यात नवखा, तुला हे मोलाचं.

पण माल त्यांच्याकडूनच घ्यायचा. फ्रोझन माल उणे १८ अंशाला ठेवावा लागतो. लाइट गेली नि जनरेटर नसला की नुकसान तुझं. किमान ऑर्डरचा आकडा बघ. श्रावणात चिकन खपत नाही, तेव्हाही तेवढंच उचलायला लावतील.

कंपनी दुसरं दुकान काढणार नाही ती तुझी हद्द ‘बेळगाव’ एवढीच लिहून घेऊ नकोस. किती किलोमीटर, आणि त्यात त्यांचं क्लाउड किचनही (नुसत्या घरपोच ऑर्डरींचं स्वयंपाकघर) येणार नाही, हे लिहून घे. करार पाच वर्षांचा नि गाळ्याचं ॲग्रीमेंट तीन वर्षांचं, असं झालं तर मालक चौथ्या वर्षी भाडं हवं तेवढं वाढवेल. भांडण झालं तर कोर्ट कुठलं, तेही वाच. बहुतेक कंपनीच्याच गावचं असतं.

बोर्डाचंही बघ. कर्नाटकात ६० टक्के कन्नड लागतं, तेही वरच्या भागात. कंपनीचं डिझाइन इंग्रजी असेल तर बदलायचा खर्च कोणाचा? (पाटीचं आपलं दुखणं तुला काय सांगायचं!)

त्यांच्या यादीतली चालू दुकानं तर विचारच, पण बंद केलेला एखादा गाठ. त्याची डिपॉझिट परत मिळाली का, फ्रीज-फ्रायर कंपनीनं किती किमतीला घेतले, एवढं विचार. कराराची झेरॉक्स आली की पाठव.

तुझा,
दादू