‘उत्स्फूर्त’ भाषण आणि श्रोत्यांचा अवमान

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या अमृतमहोत्सवी सत्काराचा वृत्तान्त वाचला. ‘प्रमुख पाहुण्यांच्या उत्स्फूर्त भाषणामुळे सोहळ्यात रंगत आली’, असे आपल्या वार्ताहराने लिहिले आहे. मी त्या सभागृहात होतो. पाहुण्यांनी उशिरा येऊन व्यासपीठावरच शेजाऱ्यांना सत्कारमूर्तींचे नाव विचारून घेतले, ‘तयारी अशी काही केलेली नाही, उत्स्फूर्तच बोलतो’ असे सांगून भाषण सुरू केले आणि हयातभर संस्कृत शिकवलेल्या बाईंच्या गणितावरील प्रभुत्वाची तोंड भरून स्तुती केली. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. याला मराठीत वेळ मारून नेणे म्हणतात.

‘उत्स्फूर्त’चे नाते स्फुरण्याशी आहे. जे आतून उसळून वर येते ते उत्स्फूर्त, आणि त्यासाठी आत काही साठलेले असावे लागते. ख्याल गाताना कलावंताला ऐन मैफलीत जे सुचते, त्याला गवई ‘उपज’ म्हणतात. ती जागा आधी ठरवलेली नसते, पण तिच्यामागे वर्षानुवर्षांचा रियाज असतो. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकणाऱ्या आणि न्या. रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालवणाऱ्या पुण्यात हा भेद वृत्तपत्रालाच समजावून सांगावा लागतो, याचा मला मनापासून खेद वाटतो.

बिनतयारीच्या बोलण्याला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. ‘ऐनवेळचे’ म्हणावे, ‘आयत्या वेळचे’ म्हणावे. आमच्या सोसायटीच्या विषयपत्रिकेतही शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असे सरळ लिहिलेले असते. एखाद्यावर अचानक बोलण्याची पाळी आली, तर त्यात त्याला कमीपणा नाही. परंतु महिनाभर आधी निमंत्रण स्वीकारूनही ज्याने सत्कारमूर्तींचा विषय कोणता एवढीही चौकशी केली नाही, त्याच्या बेपर्वाईला आपण कौतुकाचे विशेषण बहाल केले. बाईंनी ते कात्रण जपून ठेवायचे, की फाडून टाकायचे?

शिवाय त्याच बातमीच्या मथळ्यात हा शब्द ‘उस्फूर्त’ असा छापला आहे. मधला ‘त्’ आपल्या अंकातून वारंवार गळतो, आणि याविषयी पूर्वी पाठवलेल्या पत्राची आपण दखल घेतलेली नाही. बाईंचा विषय संस्कृत होता, एवढी दुरुस्ती तरी उद्याच्या अंकात छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे