मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्यांचे मानधन

माननीय संपादक महोदय,

अमेरिकेत २००४ साली उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत हृदयविकाराचा अतिजोखमीचा धोका असलेल्या रुग्णांचे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली आणण्याचा पर्याय सुचवणाऱ्या नऊ तज्ज्ञांपैकी आठ जणांचे स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे बनवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते आणि ते ओरड झाल्यावरच जाहीर झाले. सल्ला चुकीचा होता असे नव्हे. पण हे आधी सांगायला काय हरकत होती? तिथे आता २०१० च्या कायद्यामुळे कंपनीने डॉक्टरला घातलेल्या जेवणाचा खर्चही नावानिशी पाहता येतो. आपल्याकडे २०२४ च्या औषध विपणन संहितेने भेटवस्तूंना मनाई केली, मात्र सल्लागार म्हणून कोणाला किती मानधन मिळाले, हे रुग्णाला कळण्याची सोय नाही. किमान अशा मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या समित्यांवरील डॉक्टरांची अशी मिळकत पहिल्याच पानावर छापणे बंधनकारक करावे.

– एक वाचक, सातारा