टिनाचा खुराडा नागपूरच्या उन्हात चालत नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आजकाल नागपुरात बरेच जण सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, चार-सहा गावरान कोंबड्या पाळून राहिले, चांगलीच गोष्ट आहे, पण खुराड्याच्या बाबतीत माझ्याकडून जी चूक झाली ती कोणाकडून होऊ नये म्हणून लिहितेय. मागच्या वर्षी आम्ही रेडीमेड खुराडा आणला, तीन बाजूंनी टिन अन् समोर पातळ षटकोनी जाळी. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, एका दुपारी बघते तर सहाही कोंबड्या पंख फाकवून, चोच वासून धापा टाकत होत्या, पाणी शिंपडलं, सावलीत आणलं, तरी दोघी संध्याकाळपर्यंत गेल्याच. कोंबडीला घाम येत नाही, तिचं अंगच ४१ डिग्रीच्या आसपास राहते, अन् आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, मग त्या टिनाच्या पेटीत काय होत असेल!

नवीन खुराडा घरीच बांधला. लांबी पूर्व-पश्चिम ठेवली, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन अरुंद बाजूंवरच पडते. लांब बाजूंना खाली फूटभर पाट्या अन् वर सगळी जाळी, छपराचा पत्रा दोन फूट बाहेर काढलेला, त्यावर चुना अन् चुन्यावर तणस, म्हणजे भाताचा पेंढा. कूलरच्या जुन्या ताट्या आपण फेकतो ना, त्या पश्चिमेला टांगून दुपारी पाणी मारते, फक्त बाकी बाजूंनी हवा खेळती पाहिजे.

जाळीत मात्र पैसे वाचवू नका. जुन्या जाळीची एक तार मुंगसाने वाकवली होती, सकाळी त्या तारेत तांबडी पिसं अडकलेली दिसली अन् एक कोंबडी कमी. आता इतवारीतून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आणून फूटभर जमिनीत गाडलीय.

बसायला गोल बांबू, एकीला आठ-नऊ इंच जागा. अंड्यांचे खोके बांबूपेक्षा खाली ठेवा, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात अन् अंडी घाण होतात. खाली तीन इंच भाताचं तूस, डोळ्यांना झोंबणारा वास आला की बदला.

पशुविज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे, तिथल्या तज्ज्ञांकडून सहा कोंबड्यांच्या खुराड्याचा मापासकट नकाशा घेऊन तुम्ही मार्चच्या आधी पेपरात छापाल का? मे महिन्यात छापून उपयोग नाही.

आपली एक वाचक,
मानेवाडा, नागपूर